मंडळाच्या वहीतल्या खोडलेल्या ओळी

जवळ ये गं जरा. अशी उंबऱ्यात एक पाय ठेवून ऐकू नकोस. आत ये, नीट टेक. आधी तुला चांगली बोलणार आहे मी. तिकडं शहरात सावेडीला राहतेस, कॉलेजात शिकतेस, आणि आजीला फोन करतेस तो कसा, तर स्कूटर सिग्नलला थांबवून! "आजी, तुमच्या वेळी गावात मुलामुलींचं शेतीचं आणि घरकामाचं मंडळ होतं ना, त्याचा इतिहास पाहिजे, पाच-सहा ओळीत सांग पटकन." पटकन म्हणे. अगं, ज्याला मी या उन्हाळ्यापर्यंत उभ्या जन्मात वाचा फोडली नव्हती, ते तुला हिरवा दिवा लागायच्या आत सांगू होय? तू फोन ठेवलास आणि मी ट्रंकेतून वही काढली. आता जे लिहिते आहे ते बसून वाच. मध्ये चहाला उठलीस तरी चालेल, पण परत येऊन वाच.

मला लिहायला येतं त्याचं कारणही ते मंडळच. शाळा चौथीला सुटली. पुढं गुरांमागं गेले. पाटी-पेन्सिल कधीच फुटली होती. मग गावात ग्रामसेविका बाई आल्या. आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरात तेव्हा सडक खालीच संपायची, बाई तिथून चढण चढून यायच्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात काळी छत्री, आणि पायातल्या वहाणा ओढ्याला आल्या की काढून हातात. पहिल्यांदा आल्या तेव्हा बायका म्हणाल्या, "लस टोचायला आली, पोरं लपवा." लस नव्हती. बाईंनी शाळेच्या ओट्यावर आम्हा दहा-बारा पोरींना बसवलं आणि म्हणाल्या, "पोरांचं मंडळ निघालंय शेतीचं, तुमचंही काढू या." 

पोरांच्या मंडळात काय, तर गाठी मारलेली दोरी. भाताची लावणी आमच्याकडं अशीच, हात जाईल तिथं रोप खोचायचं. ग्रामसेवकानं पोरांना सांगितलं, दोरी धरा, गाठीला गाठीला रोप लावा, रांगेत. गुडघाभर चिखलात पोरं दोरी धरून एक पाऊल मागं, एक पाऊल मागं. बांधावर म्हातारे बसून हसायचे. "काय रं, भात लावताय का लेझीम खेळताय?" पण दिवाळीला त्या तुकड्यात भात मोजून जास्त आला, तेव्हा तेच म्हातारे दोरी मागायला आले.

आमच्या मंडळाचा नियम एकच. दर गुरुवारी जमायचं, आणि वर्षात प्रत्येकीनं आपल्या किंवा दुसऱ्याच्या घरात एक नवी गोष्ट करून दाखवायची. कुणी सांडपाण्यावर परसात भोपळा-घेवडा लावला. कुणी उकिरड्याचा खड्डा बांधून काढला. काज, बटण, झबलं शिवणं हे सगळ्यांना. आणि दर बैठकीला काय झालं ते वहीत लिहायचं. बाईंनी विचारलं, लिहायला कुणाला येतं? कुणालाच नीट येत नव्हतं. मी उगाच हात वर केला. तेव्हापासून मी चिटणीस. आधी पेन्सिलीनं लिहायचं, बाई तपासायच्या, मग वरून शाईच्या टाकानं गिरवायचं. माझी वेलांटी अजून उलटी जाते ती तिथलीच.

माझी एक मैत्रीण होती. होती काय, आहे. ओढ्यापलीकडं दिलेली. तिच्या माहेराला गावात बियाचं घर म्हणायचे. आता तुला वाटेल बियाचं घर म्हणजे दुकान. तसं नाही. गावाचा जुना भात होता, काळ्या कुसळाचा, बुटका, वाऱ्यात न लोळणारा. बाळंतिणीला त्याचीच पेज द्यायचे. त्याचं बी त्या एका घरात राखलेलं असायचं. कुणाचं बी गेलं, उंदरानं खाल्लं, भिजलं, तर माणूस टोपलं घेऊन त्या दारात जायचा, आणि सुगी झाली की आणलं त्यापेक्षा ओंजळभर जास्त परत नेऊन घालायचा. बी राखायचं काम घरच्या कर्त्या बाईचं. म्हणजे तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या आईचं. मी त्यांना मावशी म्हणायचे.

बी ठेवायचं कुठं, तर चुलीवरच्या बांबूच्या माळ्यावर. शेणानं लिंपलेली कणगी, वर झाकण, त्यालाही शेण. का तिथंच, असं कुणी विचारलंच नव्हतं. चूल बी राखते म्हणायचे. म्हणून त्या कणगीला हात लावायचा तर अंघोळ करून, आणि अडचणीच्या चार दिवसांत बाईनं तिच्या सावलीलाही जायचं नाही.

मावशींना खोकला होता. धुराचा. घर बुटकं, धुराला वाट नाही, पावसाळ्यात ओली लाकडं. भाकरी थापताना डोळे गळायचे आणि खोकून खोकून त्या पीठ सोडून बाहेर येऊन बसायच्या. बाईंनी आम्हाला बिनधुराची चूल शिकवली आणि मी म्हटलं, माझी नवी गोष्ट हीच, मावशींच्या घरात.

माघात घातली ती चूल. वारुळाची माती आणली, तूस आणि शेण घालून मी आणि मैत्रिणीनं पायानं तुडवली. दोन भांड्यांची चूल, मागं भोक, भोकातून पत्र्याचं नळकांडं भिंतीतून बाहेर. मैत्रीण म्हणाली, "वाकडी झाली गं बये, ही चूल हाय का निजलेली म्हस?" मी म्हटलं, "म्हस तर म्हस, धूर भायेर गेल्याशी मतलब." पहिल्या दिवशी जाळ केला तेव्हा मावशी हात जोडून उभ्या होत्या. धूर नळकांड्यातून बाहेर गेला. घरात नुसता जाळाचा उजेड. मावशी म्हणाल्या, "आगं, भिंतीला खुंट्या हायेत की! मला म्हाईतच न्हवतं." त्या वर्षी त्यांचा खोकला निम्म्यावर आला. मी वहीत लिहिलं, गिरवलं: चूल यशस्वी. घरच्या बाईस आराम.

ज्येष्ठात रोपं टाकायची वेळ आली. मावशींनी अंघोळ करून कणगी उतरवली. झाकण काढलं आणि आतून पाखरं उडाली. राखी रंगाची, बारीक पाखरं, घरभर. भात हातात घेतला तर फोलपट. चिमटीत धरला की आतून पीठ. सगळी कणगी तशी. दारात तीन माणसं टोपली घेऊन बसलेली, त्यांच्यासमोर.

बियाच्या घराला दुसऱ्या वाडीत बी मागायला जावं लागलं. मावशी डोक्यावरून पदर ओढून गेल्या आणि तशाच आल्या. पाणवठ्यावर बायका बोलायला लागल्या. चूल बी राखते, मग बी गेलं कसं? बाईनंच शिवाशिव पाळली नसणार. नको त्या दिवसांत हात लावला असणार. मावशींच्या सासूनं भरल्या अंगणात विचारलं, "खरं सांग, शिवलीस का न्हाई?" मावशी न्हाई म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या.

गुरुवारी बाई आल्या. घरची माणसं रानात होती, मी त्यांना मावशींच्या घरात नेऊन ती फोलपटं दाखवली. बाईंनी वर माळ्याकडं बघितलं, चुलीकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "धूर गं. इतकी वर्षं धुरानं पाखरू येत नव्हतं. आपण धूर बाहेर काढला आणि बी तिथंच ठेवलं. मला सुचायला हवं होतं. चूक माझी." मग म्हणाल्या, चूल मोडायची नाही, बी तिथनं काढायचं, राखेत घोळून निर्गुडीचा पाला घालून डेऱ्यात ठेवायचं. "पुढच्या गुरुवारी मी नाही, तालुक्याला शिबिर आहे. तू लिही, बैठकीत वाच, आणि पाणवठ्यावरच्या बायकांनाही बोलावून वाच. त्या माउलीवरचा बोल निघाला पाहिजे." मी तिथंच पेन्सिलीनं लिहून घेतलं. तीन ओळी.

आता ऐक, आणि ऐकून मला काय म्हणायचं ते म्हण.

त्या आठवड्यात निरोप आला की तालुक्याचे साहेब चुली बघायला येणार, आणि ज्या पोरीची चूल चांगली तिला दिवाळीनंतर अकोल्याच्या प्रदर्शनात न्यायचं, लोकांसमोर चूल घालून दाखवायला. एसटीनं. मी एसटी नुसती वरून कड्यावरून बघितली होती, काड्यापेटीएवढी, खाली भंडारदऱ्याकडं जाताना. चुलीनं बी खाल्लं हे लोकांना कळलं तर साहेबांपुढं माझी चूल कोण ठेवील? लोक ती मोडायला लावतील. मंडळ बंद पाडतील. असं सगळं मी मंडळाच्या भल्याचं म्हणून मनाशी बोलले, पण खरं सांगते, डोळ्यासमोर एसटी होती. गुरुवारी पोरी जमल्या. मी भोपळ्याचं आणि काजांचं वाचलं. घरी येऊन त्या तीन ओळी रबरानं खोडल्या. रबर नव्हतं खरं तर, चपलेचा तुकडा होता. कागद काळा झाला.

बाई परत आल्या असत्या तर त्यांनी विचारलंच असतं. पण त्या आल्याच नाहीत. भर पावसात त्यांची बदली झाली, शिबिरातूनच परस्पर गेल्या. नव्या बाई एकदा सही करून गेल्या, चढण बघून पुन्हा फिरकल्या नाहीत.

साहेब येऊन चूल बघून गेले, आणि मी प्रदर्शनाला गेले. एसटीत खिडकीशी बसले. मैत्रिणीला तिच्या घरच्यांनी सोडलं नाही. बक्षीस म्हणून कात्री मिळाली. त्या कात्रीनं मी तुझ्या बापाची झबली बेतली.

आणि मावशींच्या घरात चूल तीच राहिली. कुणाला तिचा संशयच नव्हता. दुसऱ्या वाडीतून आणलेल्या बियाचा जो भात पिकला, त्याचं बी मावशींनी पुन्हा माळ्यावरच ठेवलं, चुलीच्या वर, अगदी सोवळ्यानं. पुढच्या ज्येष्ठात पुन्हा पाखरं उडाली. मग मात्र गावानं सांगून टाकलं, त्या घरात बी टिकत नाही. बियाचं घर दुसरीकडं गेलं. मैत्रिणीला मागण्या यायच्या थांबल्या. शेवटी ओढ्यापलीकडं एका बिजवराला दिली, वयानं दुप्पट. मला आत्याच्या घरात दिली, इथंच. मंडळ तोवर विरून गेलं होतं. पोरांचं मंडळ नुसतं कबड्डीचं उरलं, आमच्या पोरी लग्न होऊन एकेक गेल्या. वही माझ्याकडं राहिली, कारण मागणारं कुणी नव्हतं.

तू म्हणशील, आजी, मग नंतर तरी सांगायचंस. म्हणायचं मनात असायचं गं. लग्नानंतर वाटायचं, सासरी कळेल. पोरं झाली तेव्हा वाटलं, आता मावशी म्हाताऱ्या झाल्या, जुनं कशाला उकरायचं. मावशी गेल्या तेव्हा वाटलं, आता कुणाला सांगणार. मैत्रिणीला तर मी आठवड्याला भेटत होते. तिच्या घरचा चहा पीत होते.

गोष्ट आपोआप विरली असती, पण या उन्हाळ्यात विरायची राहिली. आमच्या बचत गटानं ठरवलं की गावाचं जुनं बी एका जागी राखायचं. त्या कामाला एका संस्थेच्या ताई आल्या होत्या. त्या काळ्या कुसळाच्या भाताची आता दोनच घरं उरलीत. मैत्रिणीची सून म्हणाली, आमची मागची खोली घ्या, फरशी हाय, कोरडी हाय, उंदीर शिरत न्हाई. मग एक पोक्त बाई म्हणाली, "खोली ब्येस हाय गं. पर..."

"पर काय?" सून म्हणाली.

"तुला म्हाईत न्हाई व्हय? तुझ्या सासूच्या म्हायेरात बी टिकत न्हवतं. त्यांचा हातच तसा."

दुसरी म्हणाली, "म्हातारीच्या हातचं लोणचं सुदीक बुरसतं म्हनं." आणि चार जणी हसल्या.

मैत्रीण भिंतीला टेकून बसली होती. काठीच्या टोकाकडं बघत. तिच्या आईसारखीच बसली होती, पदर पुढं ओढून. ते बसणं बघितलं आणि मी उठले. गुडघे असे वाजले की ताईंनी मागं वळून बघितलं.

"हात न्हाई तसा," मी म्हटलं. "चूल तशी हुती. आन ती चूल म्या घातली हुती."

सगळं सांगितलं. पाखरं, धूर, बाई, एसटी. पोक्त बाई म्हणाली, "आज्जे, मैतरणीचा कळवळा आलाय म्हून रचून सांगतीस. एवढी वर्सं कुठं ठिवलं हुतंस?"

"ट्रंकेत," मी म्हटलं, आणि घरी जाऊन वही आणली. खोडलेलं पान सुनेच्या हातात दिलं. तिनं दारात जाऊन उजेडाला तिरकं धरलं. पेन्सिल गेली तरी दाब जात नाही, कागदात चर उरतो. पहिली ओळ काही लागली नाही. दुसरीत तिनं वाचलं, "धूर". मग पान अजून तिरकं केलं आणि तिसरीतलं वाचलं, "घरच्या बाईचा दोष नाही." हसणाऱ्या जणी हसल्या नाहीत. पोक्त बाई तेवढ्यातही म्हणाली, "बरं, ठिवा. या सुगीचं ठिवा. एक वरीस बघू." तेवढं झालं. त्यापेक्षा जास्त झालं असं तुला खोटं सांगणार नाही.

मी मैत्रिणीकडं वळले तर ती उठून चालली होती. हाक मारली, वळली नाही.

दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून गेले. ती ओसरीत सुपात नाचणी निवडत होती. बस म्हणाली नाही. मी जोत्यावर टेकले.

मग म्हणाली, "माझी आई त्यानंतर बियाला शिवली न्हाई. पेरा आला की परड्यात जाऊन पाठ करून बसायची."

मी मान हलवली.

"मरताना मला म्हनाली, तू सासरी पेरताना फुडं जाऊ नगंस. म्या गेले न्हाई. लावणी केली, कापणी केली, झोडणी केली. एवढा जल्म गेला, मूठभर बी माझ्या हातानं मातीत पडलं न्हाई. आन तू एसटीत बसलीस."

"बसले," मी म्हटलं. माफ कर म्हणायला गेले आणि तिनं सूप आपटलं.

"मला न्हाई सांगायचं. तिला सांग."

"मावशी कुठं हायेत आता, बये?"

"चूल हुती तिथं. भावाच्या नातवानं स्लॅबचं घर बांधलंय, पर जागा तीच हाय, मला डोळे झाकून दावता येती. दिवाळीनंतर भात झोडून झाला की बी ठिवायचंय. त्या दिवशी सगळ्यांनी आधी तिथं यायचं, हसल्या त्यांनीबी. तिथं उभं राहून तू वहीत परत लिहायचंस, टाकानं. आन ते वाचायचं, मोठ्यांदा. मग बी मी घालीन. माझ्या हातानं."

मी होय म्हटलं. माझ्या तोंडाकडं बघून ती म्हणाली, "तू न्हाई वाचायचंस. तुझ्या तोंडात दात हायेत का? निम्मं फुस्स जातं. नातीला आन, ती कालेजात हाय ती. तिचा आवाज खणखणीत हाय." एवढं बोलून तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. चहा केला नाही. मीही मागितला नाही. त्यानंतर ती माझ्याकडं आली नाही. मी जाते, जोत्यावर बसते, ती निवडत असते.

तर हा झाला तुझा मंडळाचा इतिहास. कॉलेजात द्यायचा तर एवढा सगळा दे, नुसता दोरीचा आणि परसबागेचा देऊ नकोस. बाईंनी आम्हाला चांगलंच शिकवलं होतं हेही लिही. मावशींचा खोकला खरंच निम्म्यावर आला होता, तेही.

भात आता पोटरीत आलाय, कणीस पोटात धरलंय. कुसळं काळी व्हायला लागली की कापणी फार लांब राहत नाही. मैत्रिणीला हल्ली दोन पायऱ्यांत दम लागतो, सून म्हणते रात्री बसूनच झोपते. म्हणून सांगते, दिवाळीची सुट्टी लागू दे, त्याच दिवशी निघ. अकोल्यापर्यंत एसटीनं ये, खिडकीशी नको बसूस, गार वारा लागतो. पुढं जीप मिळते. मी फाट्यावर वही घेऊन उभी राहते. ये गं बाई, लवकर ये.